निष्ठेचे चालू खाते

मराठी माणूस राजकीय पक्ष बदलेल, चष्म्याचा नंबर बदलेल, वेळप्रसंगी गुरूसुद्धा बदलेल. पण दाढीचा साबण बदलणार नाही. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं एकाच कंपनीच्या साबणाने दाढी केली. "तो इतका चांगला आहे का हो?" असं मी त्यांना एकदा विचारलं, तेव्हा अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून ते म्हणाले, "चांगल्यावाईटाचा प्रश्न नाही. तो आपला आहे." ह्या 'आपला' शब्दात सगळं आलं. आपला न्हावी, आपला शिंपी, आपला चहा, आपलं वर्तमानपत्र. त्यातले न्हावी आणि शिंपी निदान आपल्याला ओळखतात, घरातल्या लग्नकार्याची चौकशी करतात. साबणाच्या कंपनीला मात्र आमच्या वडिलांचं नावही ठाऊक नव्हतं. वडील गेले तेव्हा तिच्याकडून दोन ओळींचं पत्र आलं नाही, की चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून तिने एक दिवस कारखाना बंद ठेवल्याचंही ऐकिवात नाही.

तरीही साबणावरची निष्ठा हा निरुपद्रवी प्रकार आहे. साबण झिजतो, संपतो आणि संपताना आपला गाल परत मागत नाही. उद्या दुसरा साबण आणला म्हणून काल केलेली दाढी रद्द होत नाही. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाजारात अशी एक वस्तू आली आहे, की जिच्यावर जीव टाकण्यापूर्वी माणसाने वाणिज्य शाखेच्या एखाद्या पदवीधराचा सल्ला घ्यावा. ती वस्तू म्हणजे गाण्याचं सॉफ्टवेअर, आणि तो पदवीधर म्हणजे अर्थातच मी.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी बँकेत कारकून आहे, बी. कॉम. आहे आणि राहायला मिरजेत आहे. मिरजेत राहणाऱ्या माणसाला संगीतातलं काही कळत नाही असं म्हणणं, म्हणजे पंढरपुरात राहणाऱ्याने विठोबा पाहिला नाही असं म्हणण्यासारखं आहे. शिवाय आमच्या बँकेतल्या कर्मचाऱ्यांचा एक वाद्यवृंद आहे आणि त्यात मी पेटी वाजवतो. म्हणजे हेडकॅशियरसाहेब ज्या सुरात गातात त्या सुराच्या मागोमाग पेटी घेऊन धावतो. ह्या धावपळीचं ध्वनिमुद्रण करायची जबाबदारी आमच्या भाच्याने घेतल्यापासून माझा ह्या विषयात प्रवेश झाला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ह्या सॉफ्टवेअरच्या मुख्य दोन जाती. पहिल्या जातीत अख्खा स्टुडिओ कॉम्प्युटरात येऊन बसतो. आवाज मुद्रित करा, कापा, जोडा, एकावर एक रचा, हेडकॅशियरसाहेबांचा पंचम पंचमाच्या जागी नेऊन ठेवा. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, एफएल स्टुडिओ, रीपर ही ह्या घराण्यातली मंडळी. दुसरी जात स्वरलिपी लिहिणाऱ्यांची. वाद्यवृंदातल्या प्रत्येकाच्या हातात द्यायचे कागद ती टाईप करून छापून देते. सिबेलियस, फिनाले, डोरिको ही त्यातली नावं. ह्यांशिवाय प्लग-इन नावाची एक पोटजात आहे. तिच्या पुड्या मसाल्याच्या पुड्यांसारख्या सुट्या विकत मिळतात. एक पुडी टाकली की आपलं गाणं देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं वाटतं, दुसरी टाकली की टेलिफोनवरून ऐकल्यासारखं.

आमचा भाचा ह्यांपैकी एका ब्रँडचा निस्सीम भक्त आहे. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं तर उरलेल्या ब्रँडांचे भाचे माझ्या दारावर मोर्चा आणतील. एकदा मी त्याला सहज विचारलं, "हाच का घेतलास रे?"

"मामा, तुम्ही पेटी वाजवता ना? मग तुम्हाला कळायला हवं. ह्याचा साउंडच वेगळा!"

"कशापेक्षा वेगळा?"

"बाकीच्या सगळ्यांपेक्षा."

"बाकीचे सगळे ऐकलेस तू?"

"ऐकायची गरजच काय?"

आता आवाजाचं म्हणाल, तर ह्या बाबतीत कारकुनाला जे दिसतं ते भक्ताला दिसत नाही. चार रेकॉर्डिंगं एकत्र मिसळणं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आकड्यांची बेरीज. तीच रेकॉर्डिंगं, तीच पातळी, डाव्या-उजव्या कर्ण्यांत वाटणी करायचा नियमही तोच, आणि वरून कसलेही संस्कार नाहीत, अशा अटीवर दोन निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत ती मिसळावीत आणि एका उत्तरातून दुसरं वजा करावं. शिल्लक शून्य येते. तेरीज जुळते. म्हणजे आमच्या शाखेत सात अधिक पाच बारा होत असतील तर समोरच्या बँकेतही बाराच होतात. समोरचे बारा अधिक गोड लागत नाहीत. फरक पडतो तो वरून घातलेल्या पुड्यांमुळे, सोबत मिळणाऱ्या वाद्यांमुळे, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वाजवणाऱ्यामुळे. पण तो शेवटचा घटक कोणतीच कंपनी विकत नसल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही.

भाच्याला हे पटलं नाही. भक्ताला तेरीज पटत नाही. तेव्हा मी त्याला माझ्या प्रांतात ओढला.

बी. कॉम.च्या जमाखर्चात 'नावलौकिक' नावाचं एक प्रकरण असतं. दुकान विकायला काढलं की फळ्यांची किंमत ठरते, तागडीची ठरते, पोत्यांतल्या मालाची ठरते. आणि मग मालक आणखी एक रक्कम मागतो. ती कशाची? तर दुकान विकलं तरी जुनं गिऱ्हाईक सवयीने इथेच येत राहील, ह्या भरवशाची. ही रक्कम विकत घेणाऱ्याच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडतात. आम्ही सगळ्यांनी हे प्रकरण पाठ करून मार्क मिळवले, पण त्याचा खरा अर्थ मला गाण्याच्या सॉफ्टवेअरने शिकवला. आपण ज्याला आपली निष्ठा म्हणतो, ती आपली नसतेच. ती दुकानदाराच्या खात्यावर जमा असते आणि दुकानाबरोबर विकली जाते. आपण फळ्या आणि तागडी ह्यांच्या रांगेत असतो.

सिबेलियसची गोष्ट पाहा. इंग्लंडात बेन आणि जोनाथन फिन नावाच्या जुळ्या भावांनी १९९३ मध्ये हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि फिनलंडच्या थोर संगीतकाराचं नाव त्याला दिलं. लोकांना ते इतकं आवडलं की संगीतशाळांतून, नाटकमंडळ्यांतून, सिनेमाच्या स्टुडिओंतून सिबेलियस शिरलं. २००६ मध्ये अॅव्हिड नावाच्या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतलं. २०१२ मध्ये अॅव्हिडने लंडनची कचेरी बंद करायचं ठरवलं आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं घडवलं त्यांना घरचा रस्ता दाखवला. तो रस्ता घरी गेला नाही. स्टाइनबर्ग ह्या जर्मन कंपनीने त्यांतल्या मुख्य मंडळींना त्याच वर्षी नोकरीवर घेतलं, आणि चार वर्षं खपून त्यांनी २०१६ मध्ये डोरिको नावाचं नवीन सॉफ्टवेअर काढलं.

आता सांगा, सिबेलियसच्या निष्ठावंताने जायचं कुठे? पाटी एका दुकानावर आणि आचारी दुसऱ्या दुकानात! अॅव्हिडने सिबेलियस पुढे चालू ठेवलं, त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, हेही खरं. पण आपल्या खानावळीत आमटी करणारी बाई सोडून गेली तर आपण पाटीकडे पाहून जेवत नाही. चार दिवस आमटीची चव पाहतो आणि मग ती बाई हल्ली कुठे असते ह्याची हळूच चौकशी करतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र माणूस पाटीला चिकटून बसतो.

फिनालेचं तर दुकानच मिटलं. १९८८ पासून चाललेलं हे स्वरलिपीचं सॉफ्टवेअर २६ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने थांबवल्याचं जाहीर केलं. ज्यांनी ऐन तारुण्यात त्याच्यावर पहिली धून लिहिली, ते आता निवृत्तीला आले होते. कंपनीने त्यांना डोरिको सवलतीत घेण्याची शिफारस केली. सुरुवातीला तिने असंही जाहीर केलं होतं, की वर्षभरानंतर नव्या कॉम्प्युटरवर फिनालेला परवानगी मिळणार नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरबरोबरच सती जाणार! लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती मुदत मागे घेतली गेली. निष्ठेने जे काम पस्तीस वर्षांत झालं नाही, ते आरडाओरड्याने चार दिवसांत झालं, एवढं वाचकांनी टिपून ठेवावं.

दुसरी गोष्ट लॉजिकची. हे सॉफ्टवेअर इमॅजिक ह्या जर्मन कंपनीचं. जुलै २००२ मध्ये अॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि लगेच सांगून टाकलं, की विंडोजवर चालणारं लॉजिक यापुढे बंद. एका सकाळी निष्ठावंतांची फाळणी झाली. ज्यांच्या टेबलावर अॅपलचा कॉम्प्युटर होता त्यांचं पुढे भलंच झालं. २०१३ च्या लॉजिक प्रो एक्सनंतर २०२४ ची अकरावी आवृत्तीसुद्धा जुन्या गिऱ्हाइकांना फुकट मिळाली. ज्यांच्या टेबलावर विंडोज होतं, त्यांच्या निष्ठेत काही कमी नव्हतं. फक्त टेबल चुकीचं होतं.

पण ह्या सगळ्यांवर कडी केली ती केकवॉकने. केकवॉक हे अमेरिकेतलं जुनं नाव, १९८७ पासूनचं. त्यांच्या सोनार ह्या सॉफ्टवेअरसाठी २०१६ मध्ये योजना निघाली, की एकदा पैसे भरा आणि आजन्म सुधारणा फुकट मिळवा. 'आजन्म' हा शब्द दिसला की बँकेतला माणूस विचारतो, "कुणाचा जन्म?" ते कुणी विचारलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकची मालक असलेल्या गिब्सन कंपनीने, म्हणजे त्या गिटारवाल्या गिब्सनने, केकवॉकचं पुढचं काम थांबवलं. जन्म संपला. अर्थात तो कंपनीचा, गिऱ्हाईक ठणठणीत होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने सगळा माल विकत घेतला आणि तेच सॉफ्टवेअर नव्या नावाने सगळ्या जगाला फुकट वाटलं. म्हणजे आजन्म निष्ठेचे पैसे भरणारा आणि काल रस्त्यावरून चालता चालता आत डोकावणारा, दोघे एका पंगतीला बसले आणि दोघांच्या पानात सारखीच जिलबी पडली.

टीका करताना दुसरी बाजू दडवू नये, नाहीतर माझ्यात आणि भाच्यात फरक राहणार नाही. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनेही एफएल स्टुडिओच्या गिऱ्हाइकांना आजन्म मोफत सुधारणांचं वचन दिलं आहे, आणि पंचवीस वर्षांवर काळ लोटला तरी ते पाळलं आहे. रीपर नावाचं सॉफ्टवेअर तर वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात लावावं. पूर्वी आपण सगळे कॉम्प्युटरवर ज्या विनॅम्पमधून गाणी ऐकायचो, ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलनेच हे सुरू केलं. साठ दिवस फुकट वापरून पाहा म्हणतात; साठ दिवस झाल्यावर ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. घरगुती माणसाला परवाना साठ डॉलरला, आणि तो पुढच्या मोठ्या आवृत्तीलाही चालतो. गिऱ्हाइकावर इतका विश्वास मी फक्त आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यात पाहिला आहे, आणि तोही वहीत लिहून ठेवतो.

तेव्हा वचन पाळणाऱ्या कंपन्याही असतात. अडचण एवढीच, की वचन देतानाचा चेहरा दोघींचा सारखा असतो. २०१६ मध्ये दोन्ही 'आजन्म' शेजारी शेजारी ठेवले असते तर कोणता टिकेल हे निष्ठेने कळलं नसतं. ते ताळेबंदाने कदाचित कळलं असतं. पण गाण्याचं सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी कंपनीच्या मालकाची कर्जं किती, हे पाहणारा संगीतप्रेमी अजून जन्माला यायचा आहे.

बरं, निष्ठावंताला निदान मान तरी मिळतो का? तर तेही नाही. ह्या धंद्यात 'क्रॉसग्रेड' नावाची पद्धत आहे. प्रतिस्पर्ध्याचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल तर त्याचा पुरावा दाखवा आणि आमचं स्वस्तात घ्या. म्हणजे आपला पक्ष सोडून जो येईल त्याला तिकीट, आणि जो पहिल्यापासून आहे त्याने सतरंज्या उचलायच्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायची गरज नाही. मार्च २०२३ मध्ये प्लग-इन विकणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने जाहीर केलं, की यापुढे कायमचा परवाना विकणे नाही, दरमहा वा दरसाल वर्गणी भरा. जुन्या गिऱ्हाइकांनी जगभर असा काही गिल्ला केला, की आठवडा उलटायच्या आत कंपनीला कायमचे परवाने पुन्हा विकायला काढावे लागले. ते सतरंज्या उचलत बसले असते तर सतरंजीचंही भाडं सुरू झालं असतं.

इथवर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, कंपन्या काय, विकल्या जातातच. तुमच्या बँका नाही का एकमेकींत गेल्या?"

मुद्दा बिनतोड होता आणि तो माझ्याच प्रांतातला असल्यामुळे मला आनंद झाला. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. ज्यांनी आजोबांपासून एका बँकेत खातं ठेवलं होतं ते सकाळी उठले तेव्हा दुसऱ्याच बँकेचे गिऱ्हाईक होते. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली, चेकबुकं बदलली. पण एक गोष्ट बदलली नाही. खात्यावरचे सतरा हजार तीनशे बारा रुपये हे सतरा हजार तीनशे बाराच राहिले. बँक बुडत्या बँकेत जावो की तरंगत्या बँकेत, ठेवीदाराची शिल्लक नव्या वहीत उतरवून घ्यायची, हा नियम आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला वर रिझर्व्ह बँक बसली आहे. गाण्याच्या सॉफ्टवेअरवर कुणाची रिझर्व्ह बँक नाही. तिथे दुकान बदललं की आपली शिल्लक नव्या वहीत येईलच असं नाही. कधी कधी शिल्लक दिसते, पण काढता येत नाही.

आमच्या शाखेत पेन्शन घ्यायला एक निवृत्त संगीतशिक्षक येत. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना गाणं शिकवलं होतं. पाठ्यपुस्तकातली कविता दिसली की ते तिला चाल लावत. त्या चालींवर ह्या गावातल्या दोन पिढ्या 'हात वर, हात बाजूला' करीत मोठ्या झाल्या. निवृत्तीनंतर त्यांच्या एका विद्यार्थ्याने हौसेने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि मास्तरांनी चौसष्ट चाली त्यात वाजवून ठेवल्या. कॉम्प्युटर बिघडला. नवा आणला. फायली नव्यात आणल्या. पण त्या फायली ज्या सॉफ्टवेअरच्या, ते सुरू होण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरची परवानगी मागे, आणि तो दूरचा कॉम्प्युटर कंपनीने केव्हाच बंद केलेला. परवानगी कोण देणार? पडद्यावर चौसष्ट पाकिटं ओळीने दिसत, प्रत्येकावर कवितेचं नाव. आणि उघडत एकही नसे. मास्तर मला काउंटरवर म्हणाले, "अहो, लॉकर माझा, आतला ऐवज माझा, किल्ली माझ्या हातात, आणि कुलूप म्हणतं, मी तुम्हाला ओळखत नाही." पुढच्याच वर्षी मास्तर गेले. त्या चौसष्टांतल्या अकरा चाली तेवढ्या वाचल्या आहेत. एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कुणीतरी त्या मिडी फाईल म्हणून मागवून घेतल्या होत्या, एवढंच निमित्त.

ही मिडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ह्या लेखातला नायक तोच आहे. १९८३ पूर्वी एका कंपनीचं इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी, दोघे धंद्यात प्रतिस्पर्धी. त्यांनी पुढाकार घेऊन एक सामायिक भाषा ठरवली आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून वाजवून दाखवली. त्या भाषेत आवाज नसतोच. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढी नोंद असते. म्हणजे ती आमची रोजकीर्द! कोणत्याही बँकेच्या कारकुनाला वाचता यावी अशी. पेटीला मींड नाही म्हणून बडे लोक नाकं मुरडतात. पण मास्तरांच्या अकरा चाली जशाच्या तशा वाचल्या त्या पेटीला मींड नाही म्हणूनच. उरलेल्या त्रेपन्न, ज्यांच्या हात वर करण्याच्या लकबीत शिल्लक असतील त्यांच्या असतील.

मिरजेत बसून हे लिहिताना तंबोऱ्याची आठवण न येणं अशक्य आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गवई लोक पिढ्यान् पिढ्या इथल्या एकेका कारागिराशी बांधलेले आहेत. ह्या निष्ठेला मी कधी हसणार नाही. पंढरपूरकडचा भोपळा निवडण्यापासून तार चढवेपर्यंत सगळं तो डोळ्यांदेखत करतो. जवारी उतरली की गवई तंबोरा घेऊन त्याच्याकडे येतो. तो घोडी घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, कान लावतो, पुन्हा घासतो. तो नसला तर त्याचा मुलगा घासतो. आणि समजा, देव न करो, उद्या ते दुकान बंद पडलं तरी तंबोरा मुका होत नाही. गवयाच्या घरी कोपऱ्यात उभा राहून तो षड्ज देतच राहतो. आधी परवानगी आणा म्हणत नाही. कारण तो विकत घेतलेला असतो. सॉफ्टवेअर आपण विकत घेतो असं म्हणतो, पण पावती नीट वाचली तर ती असते वापरायच्या परवानगीची. एक तंबोऱ्याचं खरेदीखत आणि दुसरा लीव्ह अँड लायसन्सचा करार. भाड्याच्या जागेवर माणसाने प्रेम करावं, भिंतीला खिळेही ठोकावेत. पण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा तिथे करू नये.

मग एकच सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरणारे काय सगळे वेडे? मुळीच नाहीत. हात बसणं ही फार मोठी गोष्ट आहे. कोणती कळ दाबली की काय होतं हे बोटांना पाठ झालं, की डोकं गाण्याकडे मोकळं राहतं. नवीन सॉफ्टवेअर घेतलं की सहा महिने माणूस सुरांऐवजी मेनू शोधतो. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचं ते सगळे प्रो टूल्स वापरत असतील तर आपण वेगळी चूल मांडण्यात शहाणपण नाही. पण ह्याला सवय म्हणावं, सोय म्हणावं. निष्ठा म्हणू नये. सवयीचा हिशेब करता येतो. नव्याचे पैसे किती, शिकण्यात वेळ किती जाईल, वाचेल किती, हे कागदावर मांडता येतं, आणि जुन्या ज्ञानावर दरसाल घसारा काढता येतो. निष्ठेचा हिशेब मांडायला घेतला की माणूस रागावतो. राग आला की समजावं, इथे कुठेतरी तोटा लपवलेला आहे.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. दुकानात शिरताना "ह्याचा साउंड कसा?" हे विचारू नये, "निघताना माझं सामान मला बाहेर नेता येईल का?" हे विचारावं. प्रत्येक गाणं पुरं झालं की त्यातला एकेक आवाज गाण्याच्या पहिल्या क्षणापासून साध्या वेव्ह फाईलमध्ये वेगळा काढून ठेवावा. तो कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरात उघडतो. वाजवलेल्या सुरांची मिडी फाईल ठेवावी. स्वरलिपी असेल तर २००४ पासून प्रचारात असलेल्या म्युझिकएक्सएमएल ह्या सामायिक रूपात एक प्रत आणि सरळ कागदावर छापून दुसरी. ह्याला दहा मिनिटं लागतात. आम्ही बँकेत रोज संध्याकाळी हेच करतो; त्याला दिवस मिटवणं म्हणतात, आणि दिवस मिटवल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

भाच्याने माझा सल्ला मानला. परवा त्याने आमच्या वाद्यवृंदाची सगळी गाणी अशी बाहेर काढून माझ्याकडे एका पेटीत आणून दिली. त्यात हेडकॅशियरसाहेबांचा मूळ पंचमही सुटा उपलब्ध आहे, हे मी त्यांना अद्याप सांगितलेलं नाही. मात्र त्याच्या लॅपटॉपच्या पाठीवर त्या ब्रँडचं भलंमोठं चित्र अजून चिकटवलेलं आहे, आणि परवा त्यात दुसऱ्या एका चित्राची भर पडली आहे. मी काही बोललो नाही. वयच आहे. एवढंच सांगितलं, की बाबा रे, निष्ठा मुदत ठेवीत गुंतवू नकोस, चालू खात्यात ठेव. चालू खात्यावर व्याज मिळत नाही हे खरं. पण शिल्लक हवी तेव्हा काढून घेता येते, आणि त्यासाठी मॅनेजरच्या पाया पडावं लागत नाही.